अडीच वर्षं फिट नाही. गोळी चालू ठेवू की थांबवू?

लेथवाला | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३६. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन. साडेतीन वर्षांपूर्वी पहिली फिट आली ती झोपेत. बायकोनं सांगितलं म्हणून कळलं. मला सकाळी फक्त जीभ चावलेली आणि अंग लाकडासारखं झालेलं. दुसरी महिन्याभरात, भरदुपारी, गाळ्यात. तेव्हा स्टुलावर बसून चहा पीत होतो, मशीनवर नव्हतो, म्हणून आज हे टाइप करायला दहा बोटं आहेत. स्कॅनमध्ये मेंदूत एक बारका पांढरा ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले जंताची जुनी गाठ आहे, वाळून तिचा चुना झालाय. लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी सुरू झाली. मध्ये आणखी एक फिट आली, डोस ७५० झाला, सकाळ-रात्र. त्यानंतर अडीच वर्षं काही नाही.

झाला तो फायदा. आता तोटा सांगतो. मी आधी शांत माणूस होतो, कुणालाही विचारा. आता डोक्यात कधी तिडीक जाईल सांगता येत नाही. गाळ्यावरचं पोरगं दोन वर्षं टिकलं होतं. व्हर्नियर (माप घ्यायचं हत्यार) जागेवर ठेवला नाही म्हणून त्याच्यावर एवढा ओरडलो की दुसऱ्या दिवशी त्याचा बापच हिशेब करायला आला. मागच्या महिन्यात लेकानं जेवताना तांब्या सांडला, मी समोरचं ताट भिंतीवर मारलं. पोरगं सहा वर्षांचं. रडलं नाही, नुसतं बघत बसलं. ते माझ्या डोळ्यापुढनं जात नाही.

परवा डॉक्टर म्हणाले, "दोन वर्षं उलटली, थांबवायचं तर हळूहळू कमी करून बघू, नाहीतर चालू ठेवू. तुम्ही विचार करून सांगा." मी काय सांगू? मला लेथचा फीड किती ठेवायचा ते कळतं. ज्यांनी थांबवल्या आणि ज्यांनी चालू ठेवल्या, दोघांनीही लिहा. काय मिळालं, काय गेलं.

गंगावेस | रविवार, रात्री १०:५२

भावा, पहिला प्रतिसाद माझा. अक्कल नाही म्हणून सल्ला देत नाही. पण धागा वर राहिला पाहिजे.

सदाशिवपेठी | रविवार, रात्री ११:१५

यात विचार करण्यासारखं काय आहे? फिट येत नाही ती गोळीमुळेच. छत गळत नाही म्हणून कौलं काढतो का कुणी? रागासाठी प्राणायाम करा. चालू ठेवा.

आईची_नोंदवही | सोमवार, सकाळी ६:२०

सदाशिवपेठी, तुमचं उत्तर मी दहा वर्षांपूर्वी दिलं असतं.

माझ्या मुलीला १५ व्या वर्षी सुरू झालं. सकाळी चहाचा कप हातातून उडायचा. पडायचा नाही, उडायचा. आम्ही वर्षभर तिला धांदरट म्हणत राहिलो. मग दहावीच्या जागरणानंतर मोठी फिट आली आणि डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी हातातून वस्तू पडतात का?" मला तिथेच रडू फुटलं. ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात याला. यात औषध बंद केलं की फिट परत येण्याचं प्रमाण फार मोठं असतं, त्यामुळे "थांबवू का" हा प्रश्न आमच्याकडे कधी आलाच नाही. आमचा प्रश्न होता "कोणतं औषध".

व्हॅल्प्रोएट दिलं. फिट अशा थांबल्या जणू कधी आल्याच नव्हत्या. कप उडेना. पण वजन ११ किलो वाढलं, पाळी अनियमित झाली, आणि रोज कंगव्यात केसांचा पुंजका. ती कंगवा लपवून ठेवायची. मी नोंदवही ठेवत होते: तारीख, फिट, वजन, पाळी, झोप. ती वही नसती तर मला हे आज सांगता आलं नसतं.

ती २१ ची झाल्यावर डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की गरोदरपणात हे औषध चालू असेल तर साधारण १० टक्के बाळांत जन्मजात व्यंग दिसतं, आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बुद्धीच्या-बोलण्याच्या वाढीत अडचणी येतात. युरोपात २०१८ पासून गर्भधारणेच्या वयातल्या बायकांना हे देण्यावर कडक बंधनं आहेत. हे आम्हाला १५ व्या वर्षीच कुणी सांगायला हवं होतं, अशी माझी तक्रार आहे. लॅमोट्रिजिनवर बदललं. अंगावर पुरळ येऊ नये म्हणून ते अगदी थेंबाथेंबानं वाढवतात, त्यात आमचे तीन महिने गेले आणि त्या तीन महिन्यांत दोन फिट आल्या. एक कॉलेजच्या जिन्यात. हनुवटीला चार टाके.

बदलल्याचा पश्चात्ताप नाही. पण ते टाकेही वहीत लिहिलेले आहेत.

निवृत्त_केमिस्ट | सोमवार, सकाळी ९:०५

ताई, वहीला साष्टांग नमस्कार.

राजारामपुरीत एका दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला ३८ वर्षं काढली. फिटच्या गोळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइकं पाहिली. फेनोबार्बिटोन हे १९१२ चं औषध, अजून चालतं, सगळ्यात स्वस्त. पोरं वर्गात पेंगतात म्हणून मास्तर मारायचे, ते वेगळं. फेनिटोइन १९३८ चं. ते वर्षानुवर्षं घेणाऱ्याच्या हिरड्या दातांवर चढतात. तोंड उघडलं की मला चिठ्ठी बघायची गरज नसायची. डोस थोडा वाढवला तर रक्तातलं प्रमाण एकदम उसळी मारतं आणि माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. एकाला तर त्याच्या मेव्हण्यानं त्याच संशयावरून दुकानाबाहेर दोन ठेवून दिल्या होत्या!

पण मी पाहिलं ते असं, की लोक गोळी सोडतात ती दुष्परिणामांमुळे कमी. महिन्याअखेरीला "तीनच द्या" म्हणणारे येतात, चौथ्या दिवशी येत नाहीत. नाहीतर मुलीचं लग्न ठरतं. मुलीची गोळी, बिलावर नाव बापाचं. लग्नानंतर मुलगी सासरी जाते आणि गोळी इथंच राहते. असे दोन प्रसंग मला झोपू देत नाहीत, इथे लिहिणार नाही.

मीनाक्षी_ठाणे | सोमवार, सकाळी १०:३०

लग्नाचा विषय निघालाच आहे तर सांगते. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, उल्लेख होता, तो १९९९ च्या दुरुस्तीनं काढून टाकला. म्हणजे फिट येतात एवढ्या कारणानं लग्न बेकायदा ठरत नाही. पण लपवू नका. लपवलं की गोळीही लपवून घ्यावी लागते, आणि लपवून घेतलेली गोळी चुकतेच.

मंगळवार_पेठ | सोमवार, दुपारी १:४०

मी पण चार वर्षं गोळ्या खाल्लो. कार्बामाझेपिन. फिट नव्हती तर मनानंच बंद केलो. नवरात्राचे उपास धरलो हुतो, म्हटलं उपाशी पोटी एवढं कडक औषध नको. पाचव्या माळेला अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत पडलो. शुद्धीवर आलो तर तोंडात कुणाची तरी किल्ली, नाकाला चप्पल, आणि समोरचा दात अर्धा. दात फिटनं नाही गेला, किल्लीनं गेला.

लेथवाले दादा, बंद करायची तर करा. पण एकदम नको, माझ्यासारखं तर नकोच.

ठाणेकर_बंड्या | सोमवार, दुपारी २:१०

मंगळवार पेठ दादा, बापरे! वहिनी बरोबर होत्या का?

मंगळवार_पेठ | सोमवार, दुपारी २:१४

वहिनी कुठल्या? मीच हाय की. ताई हाय मी.

गंगावेस | सोमवार, दुपारी २:१६

बंड्या, आमच्या पेठेतल्या बायका "मी आलो, मी गेलो"च म्हणतात. तुझ्या व्याकरणाचं पुस्तक किणी टोलनाक्याच्या पलीकडं ठेवून यायचं.

निसर्गप्रेमी | सोमवार, दुपारी ४:००

एवढी रसायनं पोटात घालण्यापेक्षा माझ्या ओळखीचे एक जण वनौषधींची पुडी देतात. आमच्या शेजाऱ्याची फिट त्या पुडीनं आठ दिवसांत थांबली. दुष्परिणाम शून्य. थोडी झोप येते एवढंच.

निवृत्त_केमिस्ट | सोमवार, दुपारी ४:२५

"थोडी झोप येते" वाचून हसू आलं आणि रागही. अशा पुड्या तपासल्यावर त्यात फेनोबार्बिटोनची भुकटी निघाल्याची प्रकरणं या देशात झालेली आहेत. म्हणजे १९१२ चं तेच रसायन, फक्त किती आहे ते न लिहिता, दसपट भावानं. आणि पुडी संपली, बाबा गावाला गेला, की ते औषध एका दिवसात बंद होतं. मग फिटवर फिट येत राहते. शेजाऱ्याला म्हणावं पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

मेंदूचा_हमाल | सोमवार, रात्री १०:०५

मी याच विषयाचा डॉक्टर आहे, कोल्हापुरातला नाही. तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा याला सल्ला समजू नका, तुमच्या डॉक्टरांशी बोलायची तयारी समजा.

१९९१ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षं किंवा जास्त काळ फिट नसलेले हजारावर रुग्ण घेतले. निम्म्यांची औषधं हळूहळू थांबवली, निम्म्यांची चालू ठेवली. पुढच्या दोन वर्षांत थांबवलेल्यांपैकी ४१ टक्क्यांना फिट आली. चालू ठेवलेल्यांपैकीही २२ टक्क्यांना आली. सदाशिवपेठींच्या कौलांबद्दल एवढंच म्हणेन की कौलं असूनही पाचातलं एक घर गळलं, आणि कौलं काढूनही निम्म्याहून जास्त घरं कोरडी राहिली. पण हे आकडे सगळ्यांची गोळाबेरीज आहेत. तुमच्या मेंदूत कॅल्सिफाइड, म्हणजे चुना झालेला, ठिपका आहे. तो असला की औषध थांबवल्यावर फिट परत येण्याची शक्यता वाढते. नोंदवहीवाल्या आईंच्या मुलीच्या प्रकारात ती फार जास्त, आणि लहानपणीच्या काही प्रकारांत अगदीच कमी, ते वयाबरोबर जातातच.

फिट परत आली तर औषध पुन्हा सुरू करून बहुतेकांची आटोक्यात येते. प्रश्न ती एक फिट कुठे येईल याचा आहे. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याला जी जोखीम परवडते ती लेथच्या फिरत्या चकसमोर उभं राहणाऱ्याला परवडेलच असं नाही. दुचाकीचंही तेच. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये अपस्माराचा प्रश्न सरळ विचारलेला असतो.

आता मला खटकलेली गोष्ट. तुम्ही रागाबद्दल इथे चांगलं दहा ओळी लिहिलंत. डॉक्टरांना किती सांगितलंत? लेव्हेटिरासिटाम लोकप्रिय आहे कारण ती बाकीच्या औषधांच्या वाटेला जात नाही, यकृतावर ताण देत नाही, आणि लगेच पूर्ण डोसवर नेता येते. चिडचिड, उदासी, स्वभाव बदलणं हा तिचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. तुमच्या प्रश्नात दोनच रस्ते आहेत, चालू किंवा बंद. आईंनी तिसरा लिहिलाय तो तुम्ही वाचलात का?

लेथवाला | सोमवार, रात्री ११:३०

डॉक्टरसाहेब, खरं सांगतो. एक शब्द सांगितला नाही. आत गेलं की "फिट आली का?" "नाही." "गोळ्या चालू?" "हो." पाच मिनिटांत बाहेर. राग हा माझा स्वभावच बिघडलाय असं वाटायचं. फिटच्या डॉक्टरला स्वभाव काय सांगायचा? आणि बायकोला मी बाहेरच बसवतो, नंबर जाऊ नये म्हणून.

आईची_नोंदवही | मंगळवार, सकाळी ६:०५

पुढच्या वेळी नंबर जाऊ दे. तिला आत न्या.

खवय्या_कसबा_बावडा | मंगळवार, दुपारी १२:१५

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण "जंताची गाठ" वाचून पोटात गोळा आलाय. आमच्यात रविवारचं मटण चुकत नाही. तांबडा-पांढरा बंद करायचा का आता?

मेंदूचा_हमाल | मंगळवार, दुपारी १:००

खुशाल खा. हा जंत डुकराच्या मांसातून येतो, बकऱ्याच्या नाही. शिवाय कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात जंत होतो. मेंदूत जाते ती जंताच्या अंड्यातून निघालेली अळी. ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या विष्ठेतून अंडी मातीत-पाण्यात जातात आणि न धुतलेल्या भाजीवरून, न धुतलेल्या हातावरून आपल्या तोंडात. माझ्याकडे पिढीजात शाकाहारी रुग्ण भरपूर आहेत.

खवय्या_कसबा_बावडा | मंगळवार, दुपारी १:०४

म्हणजे मटण निर्दोष, आणि मिसळीवरची कोथिंबीर गुन्हेगार?

मेंदूचा_हमाल | मंगळवार, दुपारी १:०६

धुतलेली असेल तर तिलाही सोडून द्या.

धाकटी | मंगळवार, रात्री ९:५०

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. माझा मोठा भाऊ. सांगली-कोल्हापूर अपडाउन, सेल्सची नोकरी. रात्रीच्या फिट यायच्या. गोळीनं डोकं जड होतं म्हणून टार्गेटच्या आठवड्यात गोळ्या सोडायचा, मग परत घ्यायचा. घरी कुणाला माहीत नव्हतं. एका सकाळी उठला नाही. पालथा होता. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की अपस्मार असलेल्या मोठ्या माणसांत वर्षाला हजारात एकाचा असा अचानक मृत्यू होतो, आणि रात्रीच्या मोठ्या फिट आटोक्यात नसल्या की धोका जास्त. हजारात एक म्हणजे फार थोडे, हे मला कळतं.

त्याला औषध नको होतं असं नाही. डोकं जड होतं म्हणून काहीतरी बदलून मागता येतं, हे त्याला माहीत नव्हतं.

गंगावेस | मंगळवार, रात्री ९:५८

धाकटी, काय बोलू. वाचलं गं.

सदाशिवपेठी | मंगळवार, रात्री १०:३०

माझा वरचा प्रतिसाद आता वाचला तर मलाच उद्धट वाटतोय. प्राणायामाचं वाक्य मागे घेतो. चालू ठेवा हे मत मात्र कायम.

मीनाक्षी_ठाणे | बुधवार, सकाळी ११:२०

मंगळवार पेठ ताईंच्या किल्लीवरून: तोंडात काहीही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ द्या, आजूबाजूचं टोकदार बाजूला करा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर थेट दवाखाना. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा स्प्रे मिळतो, तो घरी ठेवावा का हे डॉक्टरांना विचारून घ्या. पुण्यात संवेदना फाउंडेशन नावाचा अपस्माराचा स्वमदत गट आहे, आमच्या मावशीला त्यांचा फार आधार झाला.

लेथवाला | त्यानंतरच्या आठवड्यातला शनिवार, रात्री ९:१५

जाऊन आलो. बायकोला आत नेलं.

मी बसायच्या आत ती बोलायला लागली. ताट, तांब्या, पोरगं, व्हर्नियर, सगळं. मला माहीत नसलेलंही एक सांगितलं. रात्री मी झोपल्यावर ती लेकाला स्वतःच्या पलीकडच्या बाजूला झोपवते. अडीच वर्षं मी जे सांगितलं नाही ते तिनं दोन मिनिटांत सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "हे मी विचारायला हवं होतं."

ठरलं ते असं. थांबवायचं नाही, निदान आत्ता नाही. ठिपका आहे आणि धंदा लेथचा आहे. लेव्हेटिरासिटामच्या जागी ब्रिव्हारासिटाम, दुसऱ्या दिवसापासून थेट बदल. त्याच घराण्यातली गोळी, पण बऱ्याच जणांना तिच्यावर चिडचिड कमी होते म्हणे. फरक पडला नाही तर दुसऱ्या घराण्यात जायचं, तेव्हा वेळ लागेल. गाळ्यात एकट्यानं मशीन चालवायची नाही. मोटरसायकल बायको चालवणार. (गंगावेस, हसू नकोस.) आणि झोप सहा तासांच्या खाली जाऊ द्यायची नाही, रात्रपाळीची ऑर्डर घ्यायची नाही. या शेवटच्या अटीनं खिशाला चांगलीच चाट बसणार आहे. गोळ्यांच्या फायद्या-तोट्यात ही गोष्ट मी धरलीच नव्हती.

निवृत्त_केमिस्ट | शनिवार, रात्री ९:४०

चांगलं झालं. २०२१ मध्ये या औषधाचं पेटंट संपलं आणि आपल्या कंपन्यांच्या गोळ्या आल्या, तेव्हापासून भाव आवाक्यात आहे. एकच मागणी. दर महिन्याला त्याच कंपनीची घ्या, आणि शेवटची पट्टी सुरू झाली की नवी आणून ठेवा. महापुरात २०१९ ला शहराचे रस्ते बंद झाले, तेव्हा फिटच्या गोळ्या संपलेल्यांचे फोन मी स्वतः घेतलेत.

गंगावेस | शनिवार, रात्री ९:४४

हसलो नाही. माझी बायको ट्रॅक्टर चालवते.

मंगळवार_पेठ | रविवार, सकाळी ८:३०

मी परत सुरू केलो हुतो ते सांगायचं राहिलं. आता पाच वर्षं झाली. उपास अजून करतो. गोळी मात्र खाऊनच. भटजींना विचारलो, ते म्हणाले औषधानं उपास मोडत नाही.

लेथवाला | सात आठवड्यांनंतर, गुरुवार, रात्री १०:२०

विचारपूस करणाऱ्यांसाठी. फिट नाही. पहिला आठवडा गरगरल्यासारखं झालं, मग गेलं. राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही, येतो, पण आता येताना दिसतो. तेवढ्यात गाळ्याबाहेर जाऊन उभं राहता येतं. परवा लेक आपणहून येऊन माझ्या पाठीवर बसला.

गाळ्यावरच्या पोराच्या घरी गेलो होतो. त्याच्या बापानं चहा दिला, पोरगं बाहेर आलं नाही. सोमवारी मात्र कामावर हजर. व्हर्नियर अजूनही जागेवर ठेवत नाही.

खवय्या_कसबा_बावडा | गुरुवार, रात्री १०:३५

लई भारी. धाग्याचा विषय संपलाच आहे तर विचारतो, आमच्या पिठाच्या गिरणीचा शाफ्ट घासलाय. करून द्याल का?

लेथवाला | गुरुवार, रात्री १०:३८

आणा की. दहानंतर या, आधी गाळा उघडत नाही. झोपेची अट आहे.